पाच नापास

हॅलिफॅक्स
८ नोव्हेंबर १९९८

प्रिय लॉरेटा आत्या,

तू मागच्या पत्रात विचारलं होतंस, अजून किती दिवस दुसऱ्यांची पत्रं टाइप करत बसणार. घे उत्तर. मी लॉ कॉलेजला अर्ज करते आहे. मी जिच्याकडे टायपिस्ट आहे त्या वकीलबाई, मिस झिंक, म्हणाल्या, "शॉना, माझ्या अर्ध्या अशिलांना तू माझ्याआधीच सल्ला देऊन मोकळी होतेस. मग रीतसरच दे की."

आपल्या बेटावर लॉ कॉलेज नाहीच, म्हणून तीन ठिकाणी करणार: इथे हॅलिफॅक्सला, एक न्यू ब्रन्सविकमध्ये आणि एक ओंटारिओत. परवा मिस झिंकनी जेवणाच्या सुट्टीत माझी गुणपत्रिका समोर ठेवली आणि माझ्या शक्यतांची चिरफाड केली. त्यांचं म्हणणं असं. डिसेंबरात लॉची प्रवेशपरीक्षा आहे, ती मी चांगली देईन. शिफारसपत्र त्या देतील. घोडं अडतंय ते एकाच ठिकाणी, दुसऱ्या वर्षाच्या त्या पाच नापासांवर. ते धरले तर माझी सरासरी त्र्याहत्तर, न धरले तर ऐंशी. त्र्याहत्तरवाल्यांचे अर्ज वरवर चाळतात, ऐंशीवाल्यांचे वाचतात.

तुला आठवतच असेल सगळं. बाबांचं दुखणं वाढलं, मी ऑक्टोबरात विद्यापीठ सोडून घरी आले, "या सत्राचे विषय सोडते आहे" असा अर्ज भरला आणि टाकायला तुझ्या हातात दिला. तू टाकलास. तो पोचलाच नाही. बाबा डिसेंबरात गेले आणि जानेवारीत पाचही विषयांत नापास.

आता ऐक. मिस झिंक म्हणतात, त्या आठवड्यातली पत्रं गहाळ झाली होती असं पोस्टातून लिहून मिळालं, तर विद्यापीठ अजूनही ते नापास काढू शकतं. म्हणजे गावच्या पोस्टातल्या मॅज डॉबिनची सही. मी मागितली तर ती दार लावून घेईल, मी तिला तेव्हा काय काय बोलले ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. तू माग ना. तुझं कोणी मोडत नाही.

तुझी,
शॉना

०

कॅप्लिन कोव्ह
१९ नोव्हेंबर

शॉना,

पत्र मिळालं. लॉ कर, चांगलं आहे. तुझ्या बापाला आवडलं असतं. तो युनियनच्या बैठकीत उभा राहिला की बसायचाच नाही, तुझ्यातही तेच आहे.

पण हे मॅजचं काय काढलंस. पाच वर्षं झाली. कशाला उकरायचं. तुझ्या त्या झिंकबाईंना सांग, आमच्याकडे असल्या जुन्या गोष्टींसाठी कोणी सह्या करत नाही. तू हुशार आहेस ते त्यांना तुझ्याकडे बघून कळेलच की. एका सत्रात बाप मेला म्हणून नापास झाली, एवढं स्वतःच लिही. त्याला पोस्टाची सही कशाला. बाप मेला याची सही फादरकडे आहे, ती पाठवते.

खेकड्यांचा हंगाम संपला. माझी बोटं अजून सुजलेली आहेत, म्हणून अक्षर असं. जाम पाठवला आहे, बाटली फुटली नसेल तर खा.

लॉरेटा

०

हॅलिफॅक्स
१ डिसेंबर

प्रिय आत्या,

बाटली फुटली नाही. अर्धा जाम मिस झिंकनी खाल्ला आणि म्हणाल्या, तुझी आत्या साक्षीदार म्हणून कठीण जाईल, प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळं सांगते.

फादरचा दाखला पाठव, तो लागेलच. ज्यांचं शिक्षण घरच्या अडचणींनी मोडलं त्यांच्यासाठी कॉलेजांत वेगळा विचार असतो, त्याखाली मी अर्ज करणार आहे. पण तिथेही विचारतात: अडचण होती, तर वेळेत विषय का सोडले नाहीत? आणि मी लिहिणार, सोडले होते हो, पत्र हरवलं. मग ते म्हणणार, पुरावा? शाळकरी पोराचा गृहपाठ कुत्र्याने खाल्ला तसं वाटतं गं ते.

परीक्षा शनिवारी आहे. ख्रिसमसला मी येणार नाही, अर्ज पुरे करायचे आहेत. रोज सकाळी सहाला उठून कोडी सोडवते: सात माणसं, सात खुर्च्या, अमका तमक्याशेजारी बसत नाही. कॅप्लिन कोव्हच्या चर्चमध्ये वाढलेल्या माणसाला हे सोपं आहे.

मॅजला विचार. प्लीज. मी तिच्यावर रागावलेली नाही आता. माणसाच्या हातून चूक होते. एवढंच लिहून दे म्हणावं.

शॉना

०

कॅप्लिन कोव्ह
१४ डिसेंबर

शॉना,

मॅजला विचारलं. नाही म्हणाली. तिची पेन्शन दोन वर्षांवर आली आहे, ती असलं काही लिहून देणार नाही. आता परत विचारू नकोस.

परीक्षा कशी गेली ते कळव. फादरचा दाखला सोबत आहे. ख्रिसमसला येणार नाहीस असं लिहिलंस, ठीक. बोटीचे हाल या दिवसांत कोणी करावेत. मी डॉयलांकडे जेवेन.

लॉरेटा

०

हॅलिफॅक्स
११ जानेवारी १९९९

प्रिय आत्या,

बसली असशील तर वाच, उभी असशील तर बस. परीक्षेचा निकाल आला. शंभरातल्या एकोणनव्वद जणांच्या पुढे आहे मी. मिस झिंक आपल्या खोलीतून बाहेर आल्या, माझ्या टेबलावर टेकल्या आणि म्हणाल्या, "आता त्या पाच नापासांचा बंदोबस्त करायचा."

बंदोबस्त असा. मॅजने सही नाकारली, म्हणजे तिच्या मनात पाप आहे. हे माझं नाही, मिस झिंकचं मत. आम्ही दोघींनी बसून टपालखात्याच्या मोठ्या ऑफिसला तक्रार लिहिली आहे. तारीख, पत्त्यासकट लिफाफ्याचं वर्णन, आणि तू तो तिच्या खिडकीत दिलास हे. चौकशी लागली की खात्याला काहीतरी लेखी द्यावंच लागतं, तेच मला हवं आहे. महिनाअखेरीस जाईल. सगळ्या कॉलेजांचे अर्ज फेब्रुवारी संपेपर्यंत घेतात, म्हणजे वेळ आहे.

मॅजच्या पेन्शनचं मला वाईट वाटतं. पण आत्या, माझीही पाच वर्षं गेली. नापास झालेल्या पोरीला परत गेल्यावर प्राध्यापक कसे बघतात ते तुला माहीत नाही. मी अवघड विषय घेतलेच नाहीत नंतर. मला वाटायचं, आपली तेवढी कुवत नाही.

तू साक्षीदार म्हणून सही करशील ना? कागद पाठवते.

शॉना

०

कॅप्लिन कोव्ह
२० जानेवारी

शॉना,

काल तुझ्या ऑफिसात फोन केला, तक्रार थांबव एवढं सांगितलं आणि ठेवून दिला. तू "का, का" करत होतीस ते ऐकलं. फोनवर मला सांगता आलं नसतं. लिहिते. हे चौथं पत्र आहे, आधीची तीन फाडली.

तुझा अर्ज मी टाकलाच नाही.

मॅजला काही माहीत नाही. मी तिला विचारलंही नव्हतं, डिसेंबरातलं पत्र खोटं आहे. लिफाफा तिच्या खिडकीपर्यंत गेलाच नाही. तू दिलास त्या दिवशी मी तो घरी आणला, किटलीच्या वाफेवर धरून उघडला, आणि बोट ठेवून ठेवून वाचला. "मी हे विषय सोडते आहे." खाली तुझी सही. मी तो चुलीत घातला. मग तू विचारलंस, "टाकलास का?" आणि मी म्हटलं, टाकला.

आता का ते. हे सबब म्हणून लिहीत नाही, पण तू वकील होणार, तू विचारशीलच.

तुला माहीत आहे मासळीच्या प्लँटवर कसं चालतं. नाव ज्या वर्षी लागलं त्या क्रमाने यादी. काम आलं की वरून बोलावतात. घरात कोणी आजारी पडलं तर माणूस घरी बसतो, कोणी काही लिहून देत नाही, युनियन जागा धरून ठेवते. महिना जावो, वर्ष जावो. पण "मी काम सोडते" या कागदावर सही केली की संपलं. परत आलात तर नाव तळाला, काल आलेल्या पोरींच्या खाली. मी केली होती ती सही. आई पडली तेव्हा फोरमनने कागद पुढे केला, मी वाचला नाही, सही केली. अकरा वर्षांची जागा गेली. तुझा बाप मला म्हणाला होता, "लॉरेटा, आजारी माणसासाठी घरी बसावं, पण सही कधी करू नये."

आणि तू अर्ज दिलास ते वर्ष आठव. कॉडची मासेमारी सरकारने बंद करून सव्वा वर्ष झालेलं, प्लँटला कुलूप. गावात कोणाकडे यादीतल्या नावाशिवाय काही उरलं नव्हतं. लोक ते नाव जपत होते, बाकी काय जपणार. आणि तू माझ्या हातात कागद दिलास, त्यावर तुझ्या सहीने लिहिलेलं की मी सोडते. मला वाटलं, पोरगी रडवेली आहे, बापाच्या दुखण्यात आपली जागा घालवते आहे, माझ्यासारखी. कागद नाही गेला तर तिची जागा राहील. बाप गेला की ती परत जाईल आणि तिचं नाव तिथेच असेल.

तुला विचारायला हवं होतं. तू शेजारच्याच खोलीत होतीस. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कळलं असतं की आत्याला यातलं काही कळत नाही. तेरा वर्षांची असताना शाळा सुटली माझी. तुझ्यासमोर मी कधी "मला कळत नाही" असं म्हटलं नाही, तेव्हाही म्हटलं नाही.

जानेवारीत तू निकालाचा कागद घेऊन स्वयंपाकघरात उभी होतीस. तेव्हा समजलं की मी काय केलं. तेव्हा बोलायचं होतं. पण तू कोट चढवून तडक पोस्टात गेलीस. मी मागून आले. तू मॅजला लोकांदेखत म्हणालीस, "एक लिफाफा सांभाळता येत नाही, बिंगोची चिठ्ठी मात्र हरवत नाहीस." मी रांगेत तिसरी होते. मॅजने माझ्याकडे बघितलं, मी तरी काही सांगेन म्हणून. मी पिशवीतले बटाटे बघत राहिले.

तीन आठवड्यांपूर्वी तू फोन करून विचारलं असतंस तर मी तेव्हाही बोलले नसते. आता तिची पेन्शन जाईल म्हणून बोलले. तुझ्यासाठी बोलले नाही, हेही लिहून ठेवते, कारण खरं ते आहे.

काय करायचं ते सांग. सांगशील ते करीन.

लॉरेटा

०

कॅप्लिन कोव्ह
९ फेब्रुवारी

शॉना,

तुझं पत्र नाही. येईल असं धरलं नव्हतं.

झिंकबाईंचं आलं. दोनच ओळी: आत्यांनी सगळं शपथेवर लिहून द्यावं, अधिकार असलेल्या माणसासमोर सही करावी, ते विद्यापीठाला जाईल. बाई तुझ्यासारख्या नाहीत, एक शब्द जास्त लिहीत नाहीत. मला आवडल्या.

आता शपथेच्या कागदावर शिक्का मारायचा अधिकार या गावात कोणाला आहे ते तुला आठवतं का. मॅजला. पलीकडच्या गावात टाउन ऑफिसातला क्लार्क करतो, डॉयलची गाडी मिळाली असती. दोन दिवस तोच विचार केला. मग म्हटलं नाही, पायी जायचं, मॅजकडे.

पोस्ट बंद व्हायच्या वेळी गेले. ती टेबल पुसत होती. मी कागद ठेवला. ती म्हणाली, "शिक्का मारायचा तर मला वाचून दाखवावं लागतं. नियम आहे."

"माझ्याच हातचं आहे, मला माहीत आहे काय लिहिलंय."

"तरी वाचते," म्हणाली, आणि चष्मा लावून मोठ्याने वाचलं, पहिल्यापासून. मी उभी. मध्येच थांबली. मी लिहिलं होतं, माझ्या हातून चुकून अर्ज जळाला.

"हे काय लिहिलंस?"

"चूकच झाली ना माझी."

"चूक झाली ते वेगळं. कागद चुकून चुलीत जात नाही, लॉरेटा. आधी वाफेवर उघडावा लागतो."

मी पिशवीतून पेन काढलं.

"पाच वर्षं," ती म्हणाली, "तुझी भाची घरी आली की टपालाची तिकिटं घ्यायला पलीकडच्या गावात जाते. माझ्या बहिणीने मला विचारलं होतं, मॅज, खरंच हरवलंस का गं. माझ्या सख्ख्या बहिणीने. आणि मी रात्रंदिवस आठवत बसले, हरवलं असेल का म्हणून. पोत्यातळी बघितलं, कपाटामागे बघितलं. मला वाटायला लागलं होतं की हरवलंच असेल."

मी म्हटलं, "मॅज, मी..."

"ते नंतर. आधी हा शब्द खोड."

मी खोडला. वर लिहिलं, जाणूनबुजून. तिने खोडलेल्या जागी माझी सही घेतली, खाली सही घेतली, उजवा हात वर करायला लावला. "हे खरं आहे अशी शपथ घेतेस?" घेतली. तिने शिक्का मारला.

"किती द्यायचे?"

"काही नाही. शेजाऱ्यांकडून घेत नाही मी." मग कागद नीट घडी करून मोठ्या लिफाफ्यात घातला, पत्ता स्वतः लिहिला, आणि माझ्या हातात पावती दिली. "नोंदणी करून पाठवते आहे. हा पोचेल." चहा विचारला नाही. मी अपेक्षाही केली नाही.

रविवारी चर्चनंतर मी पायरीवर उभी राहून डॉयलच्या बायकोला, मॅजच्या बहिणीला आणि ज्यांना ऐकायचं त्यांना सांगितलं, लिफाफा मॅजने हरवला नव्हता, मी जाळला होता. सगळ्यांनी ऐकलं आणि पायऱ्या उतरून आपापल्या घरी गेले. डॉयलच्या बायकोने ख्रिसमसला वाढलेलं जेवण परत मागितलं नाही एवढंच.

शपथपत्राची एक प्रत तुला. माझ्याबद्दल काय वाटतं ते लिहायची गरज नाही. अर्ज वेळेत भर.

लॉरेटा

०

हॅलिफॅक्स
२८ एप्रिल

लॉरेटा आत्या,

मिस झिंकनी सांगितलं, तुला कळवायला हवं. म्हणून लिहिते आहे.

विद्यापीठाने शपथपत्र मान्य केलं. समितीची बैठक मार्चच्या शेवटी झाली. पाच नापास काढले, त्याजागी "विषय सोडले" असं आलं. माझी सरासरी आता ऐंशी आहे. पाच वर्षं ती ऐंशीच होती, हे मला पुन्हा पुन्हा आठवतं.

न्यू ब्रन्सविकचा नकार त्याआधीच आला होता, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, जुन्या गुणपत्रिकेवर. नवी पाठवली, त्यांनी लिहिलं, निर्णय झाला आहे. ओंटारिओतूनही नकार. हॅलिफॅक्सला मी प्रतीक्षा यादीत आहे.

तू नोव्हेंबरात सांगितलं असतंस तर समिती जानेवारीत बसली असती. मी हे तुला दुखवायला लिहीत नाही. हिशोब डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते.

तू का केलंस ते मला कळतं. खूप नीट कळतं. ते कळतं म्हणूनच जास्त राग येतो, कारण कोणावर ओरडावं ते समजत नाही. आणि एक सांगते, मीही फोन करून विचारू शकले असते विद्यापीठाला, अर्ज मिळाला का. एक फोन. बाबांच्या खोलीतून बाहेर यायचं नव्हतं मला. नंतर मॅजवर ओरडणं सोपं होतं.

मॅजला मी पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं, चार ओळींचं. तिने लिहिलंय, उन्हाळ्यात आलीस तर खिडकीशी ये, तिकिटं माझ्याकडून घे.

उन्हाळ्यात मी येणार नाही. पुढचं माहीत नाही.

शॉना

०

कॅप्लिन कोव्ह
९ मे

शॉना,

पत्र मिळालं. न्यू ब्रन्सविकचं वाचलं. ते माझ्यामुळे गेलं. डिसेंबरात मॅजच्या नावावर खोटं लिहिलं तेव्हा मी तुझे दोन महिने खाल्ले, ते मला बोटांवर मोजता येतात. जास्त काही लिहीत नाही, लिहिलं तर तू मला "असू दे" म्हणशील, आणि ते मला ऐकायचं नाही.

नाही आलीस तरी चालेल. खोली आहे तशी आहे.

फोनचं जे लिहिलंस ते मनातून काढ. तेवीस पौंड वजन उतरलं होतं तुझ्या बापाचं, माझ्या लिओचं, तू त्याचा हात धरून बसली होतीस. तशा वेळी पोरीला कोणी फोन करायला सांगत नाही. मी मोकळी होते, मी काय केलं ते लिहिलंय.

प्लँट सुरू झाला. खेकडे बारीक आहेत. पोरी मला बाकावर शेजारी जागा ठेवतात पण बोलत नाहीत. मॅज कालपासून "हॅलो" म्हणते.

आता एक विचारायचं आहे. तू लिहिलंस, हॅलिफॅक्सला प्रतीक्षा यादीत आहेस. मी तीनदा वाचलं. ते चांगलं की वाईट, मला कळत नाही. म्हणजे ते तुला घेणार आहेत का, की नाही म्हणायची ही सभ्य पद्धत आहे. कधी कळतं, कोण ठरवतं, तुला काही करायचं असतं का, की नुसतं बसायचं. काही पाठवायचं असतं का त्यांना. काही पाठवायचं नसतं का, हेही सांग. मॅजला विचारलं, तिलाही माहीत नाही.

मला यातलं काही कळत नाही, शॉना. एकेक करून, सोप्या शब्दांत लिही.

लॉरेटा